बोळावरची वायर

औंढ्याच्या मारुती गल्लीत विश्वंभररावांना लोक ‘फाईलवाले साहेब’ म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. पाटबंधारे खात्यातली कारकुनी सुटून बरीच वर्षं झाली, तरी घरात लाईटबिलांची फाईल वेगळी, गॅसची वेगळी, घरपट्टीची वेगळी. बायको गंगूताई वारली त्याला आता तीनेक वर्षं होतील. तिच्या औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा अजून तारखेवार लावून ठेवलेल्या. कागद म्हटला की हा माणूस कुणाला हार जायचा नाही. पण याच माणसाच्या बैठकीत शोकेसच्या मागं कुणी डोकावलं असतं, तर तोंडात बोटं घातली असती. वायरींचं असं जंजाळ, की उंदरानंसुद्धा वाट विचारून जावं.

त्यात काय नव्हतं? कधीच मेलेल्या टेलिफोनची वायर होती. गच्चीवरून उतरवून भंगारात दिलेल्या टीव्हीच्या छत्रीची वायर होती. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचला होता आणि त्या दुसऱ्याला जुने चार्जर लोंबत होते. त्यांचे मोबाईल आता कुठं असतील ते नागनाथालाच ठाऊक. या सगळ्याच्या पोटात वायफायचा डबा बसलेला. धूळ बसू नये म्हणून गंगूताईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि ती गेल्यावर तो काढायला विश्वंभररावांचा हात काही झाला नाही. डबा आतल्या आत तापायचा. तापला की नाशिकहून मोबाईलवर बोलणारी लेक कपाळापासून नाकापर्यंतच दिसायची.

“बाबा, एकदा कुणाला तरी बोलवा अन् ते सगळं नीट करून घ्या ना,” रेवती म्हणायची. ती त्यांची एकुलती एक.

“करू की,” विश्वंभरराव म्हणायचे, आणि करायचे नाहीत. आळस म्हणाल, तर तो त्यांच्या अंगात नव्हताच. त्या जंजाळात एक वायर अशी होती, की तिच्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगावं हे त्यांना कळत नव्हतं.

ती वायर डब्याच्या मागच्या तिसऱ्या पोर्टमधून निघायची, खिडकीच्या फटीतून गच्चीवर चढायची, दोन घरांमधला हातभर रुंदीचा बोळ ओलांडायची आणि पलीकडच्या घरात उतरायची. पलीकडचं घर त्यांच्या थोरल्या भावाचं, वैजनाथरावांचं. आणि या दोघा सख्ख्या भावांत दहा-अकरा वर्षं एक शब्द नव्हता.

कारण ऐकाल तर हसाल. रेवतीच्या लग्नात, मांडवात टॉवेल-टोपी द्यायला घेतली. आपल्याकडं ही टॉवेल-टोपी काय चीज आहे ते सांगायला नको. त्या टॉवेलनं कुणाचं अंग पुसलं जात नाही आणि ती टोपी दुसऱ्या दिवशी कुणी डोक्यावर ठेवत नाही. पण माईकवरून आपलं नाव कुणाच्या आधी आणि कुणाच्या मागून पुकारलं, यावर माणसाची अब्रू तोलली जाते. माईकवाल्यानं वरपक्ष घेतला, गावचे मानकरी घेतले, भरात येऊन मंडपवाला आणि आचारीही घेतला, आणि मग नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव घेतलं. वैजनाथराव उठले, मिळालेला टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि न जेवता चालते झाले.

चूक माईकवाल्याची होती, यात वाद नाही. पण रीत अशी, की थोरल्यानं रुसावं आणि धाकट्यानं जाऊन पाय धरावेत. दोन शिव्या खाव्यात, कपभर चहा प्यावा, विषय मिटवावा. विश्वंभरराव गेले नाहीत. ‘चूक माईकवाल्याची, मग पाय मी काहून धरू?’ हा त्यांचा मुद्दा कागदावर अगदी बिनतोड होता. मुद्दे बिनतोड असले की नाती तुटतात, हे कारकुनीत कुणी शिकवत नाही. आज जाऊ, पाडव्याला जाऊ, रेवतीच्या बाळाच्या बारशाला बोलावू असं करता करता वर्षं निघून गेली, आणि पुढं पुढं तर न बोलण्याचीच सवय झाली.

पुरुष बोलत नव्हते म्हणून बायका थांबल्या नव्हत्या. गच्चीवर पापड वाळत घालता घालता दोघी जावांचं सगळं सुरळीत चाललं होतं. करोनाच्या साली वैजनाथरावांचा मुलगा गोपाळ आपलं लेकरू घेऊन पुण्याहून गावी आला. लेकराची शाळा मोबाईलवर, आणि त्या घरात मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी. आली तर आली. तेव्हा गंगूताईनं नवऱ्याला न विचारता वायर मागवली, बोळावरून पलीकडं टाकली आणि जावेच्या हाती टोक दिलं. गोपाळनं त्या टोकाला एक लहान डबा लावला. पुढं शाळा उघडल्या, गोपाळ लेकराला घेऊन परत गेला, पण डबा तिथंच राहिला आणि त्याच्यावर वैजनाथरावांचा टीव्ही चालायला लागला. इकडं विश्वंभररावांना हे कळलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला. “आपल्याच घराण्याचं लेकरू शिकलं ना? मग गप बसा,” गंगूताई म्हणाली, आणि ते गप बसले.

आता वैजनाथरावांची एक सवय होती. रात्री भिंतीवरची सगळी बटणं बंद केल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. ते बटण बंद करायचे तेव्हा इकडं विश्वंभररावांच्या डब्यावरचा तिसरा दिवा विझायचा. सकाळी ते बटण दाबायचे तेव्हा दिवा लागायचा, आणि टीव्हीवर भजनं सुरू झाली की लुकलुकायला लागायचा. हे पहिल्यांदा गंगूताईच्या ध्यानात आलं. “बघा, भाऊजी उठले,” ती एका सकाळी म्हणाली. विश्वंभररावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात घेऊन ते शोकेसपाशीच उभे राहिले, हे गंगूताईच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं ते जावेला सांगितलंही.

मग आधी थोरली जाऊ, मीरावहिनी, गेली. मयतीच्या आड भांडण येत नाही, म्हणून विश्वंभररावांनी खांदा दिला. पुढच्याच वर्षी गंगूताई गेली. तेव्हा वैजनाथराव येऊन ओट्यावर बसले, तिरडी उठेपर्यंत बसले, आणि उठून गेले. दोन्ही वेळा भावांच्या नजरेला नजर मिळाली नाही. गल्लीतले लोकही शहाणे झाले होते. एकाचं नाव दुसऱ्यापुढं काढायचं नाही. काढलं तर समोरचा लगेच सोयाबीनच्या भावाकडं वळायचा.

गंगूताई गेल्यावर घर मोठं झालं. पाच खोल्यांत एक माणूस म्हणजे खोल्याच जास्त. पोळीभाजीचा डबा यायचा, पेपर यायचा, दुपारी झोप यायची. माणूस कुणी येत नसे. संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून ते पेपर मोठ्यानं वाचायचे. आणि सकाळी उठलं की आधी शोकेसपाशी जायचे. तिसरा दिवा लागला की मनात म्हणायचे, दादा उठले. मनात ते अजून दादाच म्हणत. दिवा लुकलुकायला लागला की चुलीवर, म्हणजे गॅसवर, आधण ठेवायचे आणि दिव्याकडं बघत चहा घ्यायचे. त्यांना त्या चहात सोबत वाटायची. दुसरं नाव नाही त्याला.

दिवाळी उलटली, थंडी पडायला लागली, आणि एका सकाळी तिसरा दिवा लागलाच नाही.

आधी त्यांना वाटलं, थंडीमुळं उशिरा उठले असतील. दुपार झाली, दिवा नाही. त्यांनी पिन काढली, फुंकली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत खोचली. डबा बंद करून चालू केला. वायर चौथ्या पोर्टात घालून पाहिली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन बोळावरून ओणवून पाहिलं; वायर धडधाकट पलीकडं गेलेली, पलीकडच्या खिडक्या बंद. तिथं कठड्याशी उभं राहून ते दोनदा मोठ्यानं खाकरले. पलीकडून कुणी खाकरलं नाही.

मनात नाही नाही ते यायला लागलं. दादा न्हाणीत घसरले तर नसतील? का गोपाळ येऊन पुण्याला घेऊन गेला? वैजनाथरावांचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. विश्वंभररावांनी त्या दिवशी देवळात जायला मुद्दाम तिकडून वळसा घातला. दाराला कुलूप नव्हतं. कुलूप दिसलं असतं तर जीव भांड्यात पडला असता. कुलूप नाही म्हणजे माणूस आत आहे, आणि आत असून बटण दाबत नाही. चार पावलांवर दार होतं. हात पुढं केला असता तर कडी हाताला लागली असती. पण इथंच घोडं पेंड खात होतं. काय म्हणून वाजवायचं? ‘तुमचा दिवा लागला नाही म्हणून आलो’ असं म्हणायचं? म्हणजे इतकी वर्षं चोरून बघत होतो, हे कबूल करायचं? ते नागनाथाच्या देवळाकडं निघून गेले, आणि तिथं काय मागितलं ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी आल्यावर त्यांनी नेटवाल्याला फोन लावला.

“काय तक्रार हाय, काका?”

“नेट बंद हाय,” विश्वंभरराव म्हणाले. उभ्या नोकरीत एका कागदावर खोटा आकडा न लिहिलेल्या माणसानं हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या समोरच्या टीव्हीवर त्याच नेटच्या जोरावर बातम्या खणखणीत चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलला शिडी बांधून वसराम आला. जवळच्याच तांड्यावरचा, दोन लेकरांचा बाप, बोलका गडी. त्यानं मोबाईल काढून बघितला.

“काका, नेट तर पळून राहिलं की!” मग तो शोकेसच्या मागं वाकला आणि तसाच थांबला. “आई गं. हे काय करून ठेवलंय? हे आधी साफ करू, मग बघू तुमची तक्रार.”

त्यानं रुमाल उचलला. विश्वंभररावांनी तो त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि शेवटपर्यंत हातातच धरला. “डब्याला बी वारा लागतो, काका,” वसराम म्हणाला, आणि डबा दाराच्या वर, मोकळ्या भिंतीवर ठोकून दिला. मेलेल्या वायरी ओढून काढल्या. अंगणात त्यांचा भारा झाला. बोर्डातला बोर्ड गेला. राहिलेल्या वायरी त्यानं भिंतीच्या कडेकडेनं पट्टीत बसवल्या. कुठली कशाची ते कळावं म्हणून विश्वंभररावांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून दिल्या, आणि वसरामनं त्या चिकटवल्या. घरात माणसाचा आवाज होता, ठोकाठोक होती, दोनदा चहा झाला. विश्वंभररावांना बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच बोचणी लागत होती.

“ही एक मेलीय,” वसराम म्हणाला. “गच्चीकडं गेली बघा. हिला बी ओढू का?”

“न्हाई!” विश्वंभरराव एवढ्यानं ओरडले, की वसरामचा हात जागीच थांबला. मग ते हळू आवाजात म्हणाले, “तीच तक्रार हाय. ती चालू पाहिजे.”

“तिकडं कोण ऱ्हातं?”

“हायेत एक जण.”

वसरामनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं. तो वर जाऊन, यंत्र लावून वायर तपासून आला. “वायर बराबर हाय. तिकडच्या टोकालाच काहीतरी झालंय. चला, जाऊन येऊ.”

“तू जा. माझे गुडघे दुखून राहिले,” विश्वंभरराव म्हणाले. आदल्या दिवशी हेच गुडघे गच्चीवर चढून आले होते, वळसा घालून देवळातही जाऊन आले होते.

“कुणी पाठवलं म्हणून सांगू?”

“नेटवाला हाय म्हणून सांग. तेवढं बास.”

वसराम गेला. विश्वंभरराव खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. पलीकडून आरडाओरडा ऐकू येईल, माणसं धावतील, आपलं नाव घेऊन कुणीतरी हाक मारील, अशी भीती त्यांना वाटत होती. काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं वसराम परत आला तो दारातच उभा राहिला.

“हायेत. घरीच हायेत.”

विश्वंभररावांना रडू येईल असं वाटलं. “बरे हायेत?”

“बरेच म्हणायचं. आवाज चांगला खडा हाय. पण माझ्याकडं बघितलं बी न्हाई हो. दुसरीकडंच तोंड करून बोलत होते.”

तो ताठा ओळखीचा होता. विश्वंभररावांना हसूच आलं. “अन् वायर?”

“वायर त्यांनीच काढलीय. गुंडाळून खुंटीला टांगलीय.”

“काहून?”

वसराम चुळबुळला. “निरोप दिलाय. जशाला तसा सांग म्हणले, म्हणून सांगतो, राग मानू नका. म्हणले, ‘माझं बटण दाबलं की त्याच्याकडं दिवा लागतो, अन् तो बघत उभा ऱ्हातो, हे आमच्या हिनं मला जायच्या आधी सांगितलं. म्हणलं, बंद करून बघावं. दिवा गेला तर भाऊ येतो का मिस्त्री येतो. जा, सांग त्याला. मिस्त्री आला.’”

वसरामनं सामान आवरलं, शिडी बांधली, “येतो, काका” म्हणाला, आणि मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला. बैठक स्वच्छ झाली होती. भिंतीवर एकही लोंबती वायर नव्हती. त्या लख्ख खोलीत विश्वंभरराव उभे राहिले आणि त्यांना लाज वाटली, अशी लाज की अंगावरचे कपडे जड व्हावेत. रोज सकाळी आपण भावाची काळजी करतो, असं ते समजत होते. काळजी कसली? खुर्चीवरून उठावंही न लागता मिळणारं समाधान होतं ते. दादा चार दिवस मरून पडले असते, तरी आपण पिनाच फुंकत बसलो असतो.

त्यांनी चपला घातल्या. गुडघे दुखले नाहीत. मागच्या गल्लीत दुपारचं ऊन उतरत होतं. त्यांनी कडी वाजवली. आतून पाय घासत येण्याचा आवाज आला, अडसर निघाला, आणि दार उघडलं.

वैजनाथराव समोर उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. दोघांत हातभराचंसुद्धा अंतर नव्हतं, आणि ऊन सरळ विश्वंभररावांच्या तोंडावर पडलं होतं. वैजनाथरावांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं आणि विचारलं, “कोण हाय?”

विश्वंभररावांच्या मस्तकात तिडीक गेली. एवढा खाली मान घालून दारात आलो, आणि हे ओळख दाखवत नाहीत! जुना पीळ एका क्षणात परत चढला. ते वळले. एक पायरी उतरलेसुद्धा.

“कोण हाय, बोला की,” मागून आवाज आला. खडा नव्हता तो आता. विश्वंभररावांनी मागं वळून पाहिलं. वैजनाथरावांचा हात पुढं आला होता, हवेत चाचपडत होता. तो चौकटीला लागला तेव्हा त्यांनी ती घट्ट धरली. दोन्ही बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पडदा होता.

किती दिवस झाले असतील? वर्ष? त्याहून जास्त? रोज सकाळी हा माणूस भिंत चाचपत जाऊन ते बटण शोधत होता, अन् इकडं आपण ‘दादा उठले, बरे आहेत’ म्हणून चहाचे घोट घेत होतो. विश्वंभरराव पायरी चढले आणि चौकटीवरचा तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मी हाय, दादा.”

वैजनाथरावांनी कान किंचित पुढं केला.

“इशू?” ते म्हणाले. “लई म्हातारा झाला रे तुझा आवाज.”